रणांगणावरील जखमांवर उपचार : सैनिकी वैद्यकीय सहायकांचे प्रशिक्षण कसे आखावे

युद्धात जखमी झालेला सैनिक वाचणार की नाही, हे बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. ऑक्टोबर २००१ ते जून २०११ या काळात रणांगणावर प्राणघातक जखमा झालेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी पुढे तपासण्यात आल्या, तेव्हा ८७.३ टक्के मृत्यू शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचण्याआधी झाल्याचे आढळले. या मृत्यूंपैकी ९७६ जणांच्या, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या, जखमा वाचण्याची शक्यता असलेल्या होत्या, आणि त्यांतील ९०.९ टक्के मृत्यूंच्या मुळाशी रक्तस्राव होता. सैनिकी वैद्यकीय सहायकांचे प्रशिक्षण आखणाऱ्याने वेळापत्रक मांडण्याआधी हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावे. शरीररचनेवरील व्याख्याने आणि औषधांच्या याद्या यांत आठवडे जात असतील व रक्त थांबवण्याच्या सरावाला जेमतेम दोन दुपारी उरत असतील, तर ती आखणी मुळातच उलटी झाली आहे असे समजावे.

पुढील विवेचन प्रशिक्षकांसाठी आहे. औषधांच्या मात्रा आणि कोणत्या पातळीवरील सहायकाने कोणती कृती करावी याची मर्यादा त्या त्या सैन्यदलाचे वैद्यकीय अधिकारी ठरवतात, आणि त्यांचे नियम येथील कोणत्याही विधानाहून वरचे मानावेत.

कोणाला किती शिकवायचे

पहिला निर्णय पातळ्यांचा. जखमी सैनिकाच्या जवळ सर्वांत आधी पोहोचणारा माणूस बहुधा वैद्यकीय सहायक नसतो. तो त्याच्या शेजारी असलेला जोडीदार असतो, किंवा जखमी सैनिक स्वतःच असतो. म्हणून प्रत्येक सैनिकाला रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि जखमीला आडोशाला ओढणे एवढे आलेच पाहिजे. तुकडीतील निवडक सैनिकांना त्यापुढचे काही, आणि वैद्यकीय सहायकाला सुई, शिरेतील औषधे, रक्त देणे व गळ्यातून श्वासमार्ग उघडणे इथपर्यंतचे शिक्षण द्यावे. अमेरिकेच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटने, म्हणजे विशेष मोहिमांसाठीच्या पायदळाने, सर्वच सैनिकांना असे शिक्षण दिले आणि ती जबाबदारी वैद्यकीय विभागावर न सोडता तुकडीच्या सेनानींनी स्वतःकडे घेतली. २००१ ते २०१० या काळात त्या रेजिमेंटमधील ४१९ सैनिक लढाईत जखमी झाले व ३२ मृत्यू पावले. मात्र रणभूमीवर आणखी काही उपचार केले असते तर वाचला असता, असा त्यांत एकही नव्हता. सेनानीला हा विषय आपला वाटत नसेल, तर सरावासाठी मैदान, दारूगोळा आणि रात्रीची वेळ मिळत नाही, आणि वैद्यकीय प्रशिक्षकाचा अर्धा उत्साह अर्ज करण्यातच संपतो. त्यामुळे प्रशिक्षणाची पहिली बैठक प्रशिक्षणार्थींबरोबर न घेता त्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर घ्यावी.

तीन टप्पे आणि हात आवरण्याची शिस्त

१९९६ साली अमेरिकी सैनिकी वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका लेखाने रणांगणावरील उपचारांची तीन टप्प्यांत विभागणी केली, आणि आज अनेक देशांची सैन्यदले तीच विभागणी वापरतात. पहिला टप्पा प्रत्यक्ष गोळीबार चालू असतानाचा, दुसरा गोळीबाराच्या थेट माऱ्यातून बाहेर आल्यानंतरचा, आणि तिसरा जखमीला मागे नेत असतानाचा. त्या लेखामागचा विचार सोपा असला, तरी नागरी रुग्णालयात शिकलेल्या माणसाच्या अंगवळणी पडणे कठीण आहे : वैद्यकाच्या दृष्टीने बरोबर असलेली कृती चुकीच्या क्षणी केली, तर ती जखमीचा, सहायकाचा आणि इतरांचाही जीव घेऊ शकते.

गोळीबार चालू असताना करायच्या गोष्टी अगदी थोड्या आहेत. प्रत्युत्तर द्यायचे, आडोसा घ्यायचा, जखमीला शक्य असेल तर त्याने स्वतः सरकत आडोशाला यावे असे ओरडून सांगायचे, आणि हातापायातून जीवघेणे रक्त वाहत असेल तर कपड्यांवरूनच, अवयवाच्या शक्य तितक्या वरच्या भागात टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून घट्ट करायचा व रक्तप्रवाह बंद करणारा पट्टा, आवळायचा. श्वासमार्ग, छाती, शिरेतील सुई यांना या टप्प्यात जागा नाही. हे वाक्य पाठ होण्यास एक मिनिट लागते, पण मित्र किंचाळत असताना आडोशामागे थांबून राहणे अंगी बाणण्यास अनेक सराव लागतात. त्यासाठी एक साधा सराव परिणामकारक ठरतो. प्रशिक्षकाने कोणतीही पूर्वसूचना न देता टप्पा बदलावा : सहायक शांतपणे जखमा तपासत असताना अचानक रिकाम्या काडतुसांचा गोळीबार सुरू करावा आणि तो हातातले काम टाकून जखमीला ओढतो का, की अर्धवट बांधलेली पट्टी पुरी करीत बसतो, हे पाहावे. जो पट्टी पुरी करतो, त्याला त्या सरावात मृत घोषित करून जमिनीवर झोपवावे आणि त्याच्या जोडीदाराला आता दोन जखमींचा भार उचलायला लावावा. मग प्रशिक्षकाला ओरडण्याची गरज उरत नाही.

दुसऱ्या टप्प्यात उपचारांचा क्रम पक्का असावा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘मार्च’ या शब्दाने लक्षात ठेवतात : आधी जोराचा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग श्वसन म्हणजे छातीच्या जखमा, मग रक्ताभिसरण, आणि शेवटी डोक्याची इजा व घसरणारे तापमान. नागरी प्रथमोपचारात पूर्वापार श्वासमार्ग पहिला येत असे. येथे रक्तस्राव त्याच्या आधी आला, कारण मांडीची मोठी धमनी तुटलेला माणूस काही मिनिटांतच जातो. प्रशिक्षणार्थींना हा क्रम केवळ म्हणायला न लावता प्रत्येक सरावात मोठ्याने बोलत करायला लावावा, कारण गोंधळात माणूस डोळ्यांना जी जखम सर्वांत भयंकर दिसते तिच्याकडे धावतो, आणि फाटलेल्या चेहऱ्याखाली दडलेली, पाठीत गोळी शिरल्याची बारीकशी खूण राहून जाते.

टूर्निकेट : एका पट्ट्यासाठी इतका वेळ का

टूर्निकेटविषयी अनेक दशके वैद्यकात अविश्वास होता; तो बांधला म्हणजे हात किंवा पाय गेलाच, असे मानले जाई. बगदादमधील एका सैनिकी रुग्णालयात २००६ साली केलेल्या पाहणीत २३२ जखमींना लावलेल्या ४२८ टूर्निकेटची नोंद झाली. रक्तस्रावाने शॉक, म्हणजे अवयवांना रक्त अपुरे पडण्याची जीवघेणी अवस्था, येण्यापूर्वी पट्टा आवळलेल्यांपैकी ९० टक्के वाचले, तर शॉक आल्यानंतर आवळलेल्यांपैकी केवळ १० टक्के. आणि केवळ टूर्निकेटमुळे एकाही जखमीचा हात वा पाय कापावा लागला नाही. प्रशिक्षणार्थींसमोर हे दोन आकडे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावेत, कारण पट्टा आवळताना जी चलबिचल होते ती बहुतेक या जुन्या भीतीतून येते.

शिकवण्याची पद्धत अशी ठेवावी. आधी प्रशिक्षकाने स्वतःच्या मांडीवर टूर्निकेट आवळून दाखवावा, आणि तो व्यवस्थित आवळला की किती दुखते हे लपवू नये. मग प्रत्येकाने तो जोडीदाराच्या पायावर पायाची नाडी लागेनाशी होईपर्यंत आवळावा व लगेच सोडावा. ही वेदना एकदा अनुभवलेला सहायक पुढे जखमीच्या ओरडण्याने पट्टा सैल करीत नाही. वेदनेमुळे काही तरी चुकले असे त्याला वाटत नाही, आणि जखमीला ‘हे दुखणारच, सोडू नकोस’ असे तो ठामपणे सांगू शकतो.

चुका ठरावीक असतात आणि त्या शोधायला प्रशिक्षकाचा डोळा सरावलेला हवा. सर्वांत मोठी चूक म्हणजे दांडी फिरवण्याआधी पट्ट्यातील ढिलाई काढून न घेणे. मग दांडी तीन-चार वेळा फिरते, पट्टा गोळा होतो, पण धमनी दाबली जात नाही. दुसरी, खिशातील वस्तूंवरून पट्टा बांधणे. तिसरी, गुडघ्यावर किंवा कोपरावर बांधणे. चौथी, सर्वांत फसवी : पट्टा इतपतच आवळणे की शिरा बंद होतात पण धमनी चालू राहते, त्यामुळे रक्त आत येते व परत जाऊ शकत नाही, आणि रक्तस्राव उलट वाढतो. म्हणून ‘रक्त थांबले का’ आणि ‘पुढची नाडी गेली का’ हे दोन्ही तपासल्याशिवाय काम झाले असे मानू नये. एकाने थांबत नसेल, तर दुसरा पट्टा पहिल्याला लागून बांधावा. दुसऱ्या टप्प्यात, कपडे कापून जखम दिसल्यानंतर, तो जखमेच्या पाच ते साडेसात सेंटिमीटर वर थेट त्वचेवर बांधावा आणि बांधल्याची वेळ लिहावी.

घड्याळ लावून स्पर्धा घेण्याचा मोह सर्व प्रशिक्षकांना होतो. वेग हवाच, पण आधी अचूकता तपासावी. वीस सेकंदांत बांधलेला निकामी पट्टा पन्नास सेकंदांत बांधलेल्या चांगल्या पट्ट्यापेक्षा घातक असतो. अचूकता आली की एका हाताने स्वतःच्या दंडावर, मग डोळे बांधून, मग थंड पाण्यात बुडवून काढलेल्या हातांनी, मग पाठीवर पूर्ण ओझे घेऊन धावल्यानंतर लगेच, असा सराव चढता ठेवावा. एक व्यावहारिक सूचनाही येथेच देतो : सरावाचे टूर्निकेट वेगळ्या रंगाचे किंवा ठळक खुणेचे ठेवावेत आणि ते लढाईच्या संचात कधीही जाऊ देऊ नयेत. हे पट्टे एकदाच वापरण्यासाठी बनवलेले असतात. वारंवार आवळल्याने प्लास्टिकची दांडी व कापड कमकुवत होते आणि ऐन वेळी तुटते.

जेथे पट्टा बसत नाही

जांघ, काख आणि मान या ठिकाणी टूर्निकेट बांधता येत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या ४,५९६ मृत्यूंच्या तपासणीत, वाचण्याची शक्यता असलेल्यांच्या जीवघेण्या रक्तस्रावांपैकी १९.२ टक्के अशा सांध्यांच्या जागी, १३.५ टक्के हातापायांत आणि तब्बल ६७.३ टक्के धडात होते. सांध्याच्या जागी जखम रक्तस्तंभक पट्टीने ठासून भरावी लागते. यासाठी महागडा पुतळा लागत नाही. जाड फोमच्या ठोकळ्यात वाकडातिकडा बोगदा कापून त्याच्या तळाशी एक नळी बसवावी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला लाल रंगाच्या पाण्याची दाबायची बाटली जोडावी. प्रशिक्षणार्थीने बोटाने रक्ताचा उगम शोधावा, बोट तेथून न हलवता पट्टी खोलवर, उगमावरच कोंबत जावी, आणि बोगदा काठोकाठ भरल्यावर निदान तीन मिनिटे दोन्ही हातांनी भार टाकून दाबून धरावे. या तीन मिनिटांत जवळजवळ प्रत्येक जण उचलून बघतो. प्रशिक्षकाने ती प्रत्येक उचल मोजावी व प्रत्येक वेळी घड्याळ शून्यावर आणावे.

धडातील रक्तस्रावाबाबत मात्र प्रशिक्षकाने सरळ बोलावे : पोटाच्या आत वाहणारे रक्त सहायक बाहेरून थांबवू शकत नाही. त्याने ते ओळखावे, त्या जखमीला सर्वांच्या आधी मागे पाठवावे, रक्त उपलब्ध असल्यास द्यावे, आणि बाहेरून काही दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. मनगटाची नाडी क्षीण होणे किंवा न लागणे आणि डोक्याला मार नसताना माणूस असंबद्ध बोलू लागणे, या दोन खुणा शॉक ओळखायला पुरेशा आहेत, आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र नसले तरी त्या तपासता येतात.

श्वासमार्ग आणि छाती

श्वासमार्गाच्या शिक्षणात सुरुवात उपकरणापासून करू नये. जबडा फुटलेला पण शुद्धीवर असलेला जखमी स्वतः पुढे झुकून बसू इच्छितो, कारण तसे बसल्याने रक्त घशात न जाता बाहेर पडते. नवखा सहायक मात्र नियम म्हणून त्याला उताणा झोपवतो आणि गुदमरवतो. जखमीला त्याला सुसह्य अशा स्थितीत राहू द्यावे, हा धडा नळीच्या धड्याआधी यावा. बेशुद्ध जखमीसाठी जबडा पुढे ओढणे, नाकातून नळी घालणे व कुशीवर वळवणे पुरते. या सर्वांनी भागत नसेल, तेव्हा गळ्यातील पडद्यातून शस्त्राने श्वासमार्ग उघडावा लागतो. ही कृती क्वचितच लागते, आणि म्हणूनच तिचा सराव जास्त हवा : जे काम वर्षातून एकदाही करावे लागत नाही, ते ऐन वेळी हाताला आठवत नाही. प्रशिक्षणार्थीने आधी स्वतःच्या व निदान दहा-बारा निरनिराळ्या गळ्यांवर बोटाने तो पडदा शोधायला शिकावे, आणि त्यानंतरच पुतळ्यावर पाते चालवावे.

छातीच्या उघड्या जखमेवर झडप असलेली चिकटपट्टी लावावी व पाठीवर गोळी बाहेर पडल्याची जखम आहे का, हे हात फिरवून पाहावे. छातीत हवा कोंडून फुप्फुस व हृदय दाबले जाऊ लागले, की श्वास झपाट्याने अवघड होतो आणि शॉक येतो; अशा वेळी १४ किंवा १० गेज (सुईच्या जाडीचे माप) जाडीची, सुमारे आठ सेंटिमीटर लांबीची सुई वापरून ती हवा बाहेर काढावी लागते. जागा दोन : काखेच्या पुढच्या रेषेवर पाचव्या बरगडीखालची फट, किंवा गळ्याच्या हाडाच्या मध्यरेषेवर दुसऱ्या बरगडीखालची फट. दुसऱ्या जागेत एक सापळा आहे, कारण नवख्याचा हात नेहमी मध्याकडे सरकतो, आणि स्तनाग्राच्या रेषेच्या आत गेलेली सुई हृदयाकडे व मोठ्या रक्तवाहिन्यांकडे जाते. सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून सरळ आत घालावी, कारण बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. पुस्तकातील आकृतीवर हे सर्वांना जमते. जाड छातीच्या, घामेजलेल्या, चिलखत अर्धवट उघडलेल्या माणसावर पेनाने खूण करायला सांगितले की निम्म्या खुणा चुकीच्या जागी पडतात. तो सराव अवश्य घ्यावा, फुकट आहे.

रक्त, ऊब आणि वेदना

रक्त गमावलेल्या माणसाला रक्तच द्यावे, हा विचार पुन्हा रूढ झाला आहे. सलाइनच्या बाटल्या ओतल्याने उरलेले रक्त पातळ होते, गोठण्याची शक्ती जाते आणि शरीर थंड पडते. सहायकाला रक्तगट तपासणे, रक्ताची पिशवी जोडणे, प्रतिक्रिया ओळखणे आणि पहिल्या पिशवीबरोबर कॅल्शियम देणे शिकवायचे असेल, तर तो स्वतंत्र व दीर्घ अभ्यासक्रम ठेवावा, दुपारच्या एका तासात उरकू नये. ट्रॅनेक्सॅमिक आम्ल या रक्ताच्या गुठळ्या टिकवणाऱ्या औषधाबाबत एकच गोष्ट ठसवावी : वेळ. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २०,२११ रुग्णांच्या चाचणीत या औषधाने रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले, परंतु पुढील विश्लेषणात असे दिसले की जखमेनंतर तीन तास उलटल्यावर दिल्यास ते अपाय करते.

तापमानाचा विषय प्रशिक्षणात सर्वांत दुर्लक्षित राहतो. थंडी नसतानाही रक्त गमावलेला माणूस गार पडतो, आणि गार पडलेल्या शरीरात रक्त गोठत नाही. त्यामुळे तपासणीसाठी कापलेले कपडे, ओली जमीन व हेलिकॉप्टरचा वारा हे तिन्ही मिळून उत्तम बांधलेल्या जखमेवर पाणी फिरवतात. प्रत्येक सरावाच्या शेवटी प्रशिक्षकाने जखमीच्या पाठीखाली हात घालून पाहावा : तेथे काही अंथरले आहे का?

वेदनाशामके देण्याआधी जखमीचे शस्त्र, हातबॉम्ब आणि रेडिओ काढून घेण्याची सवय लावावी. शॉकने किंवा केटामिन या वेदनाशामक व भुलीच्या औषधाने भ्रमलेला माणूस आपल्याच लोकांना शत्रू समजू शकतो. ॲस्पिरिनसारखी, रक्तबिंबिकांवर (रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या कणांवर) परिणाम करणारी औषधे टाळावीत. डोळ्याला इजा असल्यास दाब देणारी पट्टी न बांधता कडक कवच लावावे. आणि प्रतिजैविके लवकर द्यावीत. एवढे पुरे, या विषयाला फार वेळ देऊ नये.

सराव खरा वाटावा म्हणून

अवघड परिस्थिती पहिल्या दिवसापासून लादली, तर प्रशिक्षणार्थी चुकीच्या हालचालीच पक्क्या करून घेतो. म्हणून कौशल्य आधी उजेडात, शांतपणे, सुटे सुटे शिकवावे. मग दोन-तीन कौशल्ये जोडावीत. आणि त्यानंतर एकेक अडचण वाढवावी : अंधार, आवाज, ओझे, थकवा, घसरडे रक्त, अपुरे सामान. अंधारात जखम डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा हात काख, मान, जांघ, पाठ या क्रमाने फिरवून प्रत्येक वेळी तळवा ओला झाला का हे पाहायला शिकवावे. अंधारात घाम, पाणी व रक्त यांतला फरक स्पर्शाने कळत नाही, म्हणून सरावात जखमीच्या अंगावर मुद्दाम पाणीही ओतावे.

जखमीची भूमिका करणाऱ्यांना नीट तयार करावे. कण्हणे, हात धरून ठेवणे, ‘आधी त्याला बघा’ असे म्हणणे, मध्येच शांत होणे, हे सर्व त्यांना शिकवावे लागते. उपचार चुकला तर प्रकृती बिघडावी आणि बरोबर ठरला तर सुधारावी, यासाठी प्रशिक्षकाने त्यांच्या कानात सांगत राहावे. पुतळा कितीही महाग असला, तरी तो सहायकाची बाही घट्ट पकडत नाही.

सराव संपला की त्याच जागी, सामान तसेच पसरलेले असताना, चर्चा करावी. प्रशिक्षकाने पहिला प्रश्न ‘काय चुकले’ असा विचारू नये. ‘त्या क्षणी तुला काय दिसत होते’ असा विचारावा. बऱ्याचदा कळते की निर्णय चुकीचा नव्हता, सहायकाला दुसरी जखम दिसलीच नव्हती. मग सुधारणा तपासणीत करायची असते.

अनेक जखमी, एक सहायक

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक झाँ लारे याने जखमींचा क्रम हुद्द्यावरून न ठरवता जखमेच्या गंभीरतेवरून ठरवण्याचा आग्रह धरला. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या १२ व्या कलमात हेच तत्त्व आहे : उपचारांच्या क्रमात केवळ तातडीच्या वैद्यकीय कारणानेच कोणाला अग्रक्रम देता येतो, आणि जखमी शत्रुसैनिकालाही तोच नियम लागू होतो. हे कलम वर्गात वाचून दाखवल्याने काही होत नाही. पाच जखमींच्या सरावात एक शत्रुसैनिक ठेवावा, त्याची जखम सर्वांत गंभीर ठेवावी, आणि किरकोळ जखमेच्या एका अधिकाऱ्याला त्याच वेळी मोठ्याने उपचार मागायला लावावे.

ताबडतोब, थांबू शकणारे, किरकोळ आणि वाचण्याची आशा नसलेले, असे चार गट शिकवावेत. चौथा गट सर्वांत जड जातो. त्यातील माणसालाही वेदनाशामक व सोबत मिळावी, आणि परिस्थिती बदलली की त्याला पुन्हा तपासावे, हे प्रशिक्षणार्थींना स्पष्ट सांगावे; नाही तर ते कोणालाही त्या गटात टाकायला धजत नाहीत व एकाच मरणासन्न जखमीवर सगळे सामान संपवतात.

मदत उशिरा येणार असेल तर

तासाभरात हेलिकॉप्टर येईल हे गृहीत धरून बेतलेले प्रशिक्षण अपुरे आहे. युक्रेनमधील युद्धात ड्रोनच्या सततच्या टेहळणीमुळे जखमींना दिवसाउजेडी हलवणे अवघड झाले, आणि अनेक तास, कधी त्याहूनही अधिक काळ आडोशाला ठेवावे लागले. अशा वेळी आवळलेला टूर्निकेट स्वतःच संकट बनतो. म्हणून तो काढून त्याजागी जखम भरून दाबपट्टी बांधण्याचे कौशल्य आवळण्याइतकेच पक्के हवे. जखमी शॉकमध्ये नसेल, जखमेवर सतत नजर ठेवता येणार असेल आणि अवयव तुटलेला नसेल, तरच हे करावे. शक्यतो दोन तासांच्या आत करावे. आणि सहा तास उलटून गेले असतील तर रुग्णालयाबाहेर पट्ट्याला हात लावू नये. काढताना दुसरा पट्टा सैलसर बांधून तयार ठेवावा, पहिला हळूहळू सोडावा आणि रक्त पुन्हा वाहू लागल्यास लगेच आवळावे.

लांबणाऱ्या शुश्रूषेसाठी निदान एक सराव सलग रात्रभर चालवावा. लघवी मोजणे, कूस बदलणे, दर ठरावीक वेळाने नाडी, श्वास व शुद्ध यांची नोंद करणे, दूरच्या डॉक्टरशी रेडिओवर मोजक्या शब्दांत बोलणे, आणि पहाटे तीन वाजता झोप अनावर झाली असता कोणाला उठवायचे हे आधी ठरवणे, ही कामे दिमाखाची नाहीत, परंतु ती रात्रभरच शिकता येतात. नोंदींचे कार्ड ओल्या, रक्ताळलेल्या हातांनी भरायला लावावे. पुढच्या टप्प्यावरील डॉक्टरला जखम कशी झाली, कोठे झाली, लक्षणे काय आणि उपचार कोणते केले, या चार गोष्टी अर्ध्या मिनिटात सांगता आल्या पाहिजेत. सरावात तो डॉक्टर प्रशिक्षकानेच व्हावे व एकतिसाव्या सेकंदाला पाठ फिरवावी.

परीक्षा आणि उजळणी

लेखी परीक्षा ठेवावी, पण तिच्या गुणांवर कोणालाही उत्तीर्ण करू नये. शेवटची परीक्षा एक सलग प्रसंग असावा, त्यात तिन्ही टप्पे यावेत, आणि काही चुका अशा ठरवाव्यात की त्या झाल्यास बाकी सर्व उत्तम असले तरी परीक्षा पुन्हा द्यावी लागेल : चालू राहिलेला रक्तस्राव, न तपासलेली पाठ, गोळीबारात उघड्यावर केलेला उपचार, जखमीजवळ राहिलेले भरलेले शस्त्र. परीक्षकांनी यादी हातात घेऊन गुण द्यावेत आणि निदान दोघांनी स्वतंत्रपणे द्यावेत.

न वापरलेली कौशल्ये काही महिन्यांत गंजतात, आणि क्वचित लागणारी सर्वांत आधी. वर्षातून एकदा आठवडाभराची उजळणी घेण्यापेक्षा दर आठवड्याला अर्धा तास, तोही न सांगता, अधिक उपयोगी पडतो : कवायतीनंतर, जेवणाच्या रांगेत, वाहनातून उतरल्याबरोबर. शक्य तेथे सहायकांना मोठ्या अपघात विभागात काही आठवडे कामाला पाठवावे. तेथे खरी नाडी, खरे रक्त आणि खरा मृत्यू पाहायला मिळतो. परत आल्यावर त्यांच्याशी एकदा निवांत बोलावे. ज्याने पहिल्यांदा आपल्या हाताखाली माणूस जाताना पाहिला, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी टूर्निकेटच्या सरावाला उभे करण्याआधी रात्री कोणीतरी त्याच्याजवळ बसलेले असावे, आणि ते कोण बसणार हे प्रशिक्षकाने तो जाण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.